परसबागेतील बुरशीजन्य रोगांचा फैलाव व त्यास आळा घालण्याचे उपाय

वेलीची पाने पिवळी पडू लागली किंवा टोमॅटोचे झाड करपू लागले, म्हणजे आपल्याकडे "रोग पडला" असे म्हणण्याचा प्रघात आहे. आभाळ आले आणि रोग पडला, धुके आले आणि रोग पडला, असेही बोलले जाते. या बोलण्यातून असा समज होतो की, पाऊस पडावा तसा रोगही वरून पडतो आणि त्यापुढे माणसाचा काही इलाज चालत नाही. हा समज बरोबर नाही. ढगाळ हवा व धुके ही रोगाला पोषक असतात हे खरे. परंतु ती रोग निर्माण करीत नाहीत. रोगाचे मूळ बहुधा आधीच बागेत, बियाण्यात, मातीत अथवा शेजारच्या वेलीवर असते. तेथून ते सर्व बागेत पसरते, आणि या पसरण्यात आपला स्वतःचा हातभार आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळच मोठा असतो. हा फैलाव कसा होतो आणि खर्चावाचून तो कसा रोखता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परसबागेच्या बाबतीत हा विचार विशेष अगत्याचा आहे. शेतातील पिकावर औषध फवारून ठरलेले दिवस थांबणे शक्य असते. परसबागेतील भाजी मात्र रोज तोडली जाते आणि त्याच दिवशी घरात शिजते. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर यांसारखे पदार्थ तर मुले कच्चेच खातात. म्हणून परसबागेत औषध हा पहिला उपाय होऊ शकत नाही. रोग पसरू न देणे हाच येथे मुख्य उपाय होय.

बुरशी म्हणजे काय?

भाकरी शिळी झाल्यावर तिच्यावर जी पांढरी-हिरवी लव येते, तीच बुरशी. बुरशीला हरितद्रव्य नसते. त्यामुळे तिला आपले अन्न स्वतः तयार करता येत नाही व ते दुसऱ्याकडून घ्यावे लागते. काही बुरशी मेलेल्या पालापाचोळ्यावर जगतात व त्याचे खत करून शेतकऱ्यास मदतच करतात. काही मात्र जिवंत झाडात शिरून त्याचा रस शोषतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या रोगांना बुरशीजन्य रोग म्हणतात.

बुरशीची वाढ बीजाणूंपासून होते. बीजाणू इतके सूक्ष्म असतात की एकेकटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही. पानावर दिसणारी पांढरी भुकटी अथवा तांबूस पूड म्हणजे अशा असंख्य बीजाणूंचा समूह असतो. बीजाणू पानावर पडला, त्यास काही तास ओल मिळाली, म्हणजे तो रुजतो, त्याला बारीक तंतू फुटतो आणि तो तंतू पानात शिरतो. आत शिरल्यानंतर साधारणपणे चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतच्या अवधीत डाग दिसू लागतो व त्यावर नवे बीजाणू तयार होतात. म्हणजे आज जो डाग आपल्याला दिसतो, त्याची लागण काही दिवसांपूर्वीच झालेली असते.

बुरशी ही रोगाचा परिणाम नसून कारण आहे, हे जगाला पटण्यास बराच काळ लागला. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला. बटाटा हेच तेथील गरिबांचे मुख्य अन्न असल्यामुळे पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व तज्जन्य आजारांनी मृत्युमुखी पडली. त्या वेळी कित्येक विद्वानांनी थंड व पावसाळी हवेलाच दोष दिला होता. १८६१ साली अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने हा रोग एका सूक्ष्म जीवामुळेच होतो हे प्रयोगाने सिद्ध केले. हा करपा व काकडीवरील केवडा घडविणाऱ्या जीवांना आजचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशीहून वेगळ्या गटात मोडतात. व्यवहारात त्यांची गणना बुरशीजन्य रोगांतच होत असली, तरी या भेदाला एक महत्त्व आहे. खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधे, उदाहरणार्थ कार्बेन्डाझिम, केवड्यावर चालत नाहीत. सबब रोग न ओळखता औषध आणल्यास पैसा व श्रम दोन्ही वाया जातात.

रोग केव्हा बळावतो?

चूल पेटण्यास सरपण, ठिणगी आणि वारा ही तिन्ही लागतात. त्यांपैकी एक काढून घेतले तर चूल विझते. रोगाचेही तसेच आहे. रोगास बळी पडणारे झाड हे सरपण, रोगाचे बीजाणू ही ठिणगी व पोषक हवामान हा वारा होय. हवामान आपल्या हाती नाही. परंतु झाडाभोवतीची ओल बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. ठिणगी, म्हणजे रोगट पाने, रोगट बियाणे व सडका कचरा, ही तर सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

एक अनुभव

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत घाटाच्या पायथ्याच्या एका गावी मी गेलो होतो. भाद्रपदाचे दिवस होते. एका वृद्ध बाईंच्या परसात काकडी, दोडका व कारली यांचे तीन मांडव होते. काकडीच्या पानांवर पिवळे, कोनाकृती डाग होते. मी पाने उलटून पाहिली. खाली करड्या-जांभळट रंगाची बारीक लव होती. केवडा होता हे उघड होते. मग इतर मांडवांवर रोग आहे की काय हे पाहण्यासाठी मी दोडक्याची व कारल्याचीही पाने उलटून पाहिली. ती निरोगी होती. मी औषधाचे नाव कागदावर लिहून दिले.

बाईंनी कागद हातात घेतला आणि विचारले, "साहेब, औषध मारलं, तर आज संध्याकाळी नातवाला काकडी द्यायची की नाही?"

मी म्हणालो, "नाही आजी, काही दिवस थांबावं लागेल."

"वेलीला रोज चार काकड्या येतात. तेवढ्याच दिवसांत त्या जून होतील. मग औषध कशासाठी मारायचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. आठ-दहा दिवसांनी त्या गावी पुन्हा जाणे झाले, तेव्हा दोडक्याच्या पानांवरही डाग दिसू लागले होते, आणि ते मी ज्या बाजूने पाने हाताळली होती त्या बाजूस अधिक होते. सकाळची वेळ, पाने दवाने ओली, आणि त्याच ओल्या हातांनी मी रोगट मांडवावरून निरोगी मांडवावर गेलो होतो. केवड्याचे बीजाणू वाऱ्यानेही जातात, त्यामुळे दोष केवळ माझ्या हातांचाच होता असे ठामपणे म्हणता येणार नाही. तथापि रोग पाहावयास आलेल्या अधिकाऱ्यानेच रोग पसरविण्यास मदत केली असावी, ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्या दिवशी मी बाईंच्या परसात तासभर बसून त्यांचे रोजचे काम पाहिले. त्याही ओल्या वेलीतून काकड्या तोडीत, रोगट पाने त्याच पाटीत टाकीत, ती पाटी सर्व बागेतून फिरवीत आणि शेवटी पाने कारल्याच्या आळ्याशेजारी टाकून देत. संध्याकाळी पाणी झारीने वेलीवरून घालीत. औषधाचा कागद लिहिण्यापूर्वी मी जे पाहावयास हवे होते, ते हे होते.

फैलावाच्या वाटा व त्या बंद करण्याचे उपाय

१. पाणी. पानावर साचणारे पाणी ही बहुतेक बुरशींची पहिली गरज होय. शिवाय पावसाचा अथवा झारीचा थेंब जमिनीवर आपटला म्हणजे मातीतील बीजाणू उडून खालच्या पानांवर बसतात. टोमॅटोचा करपा प्रथम खालच्या पानांवर दिसतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. यास्तव पाणी नेहमी बुंध्याशी, आळ्यात घालावे. पानांवर ओतू नये. पाणी सकाळी घालावे, म्हणजे चुकून पाने भिजली तरी उन्हाने लवकर वाळतात. संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात. मोरीचे सांडपाणी बागेस देण्याची चाल चांगली आहे. परंतु ते एकाच जागी तुंबू देऊ नये. पाणी तुंबलेल्या जागी मुळे कुजण्याचा रोग हमखास येतो. टोमॅटो, मिरची यांच्या बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन द्यावे, म्हणजे मातीचे शिंतोडे उडत नाहीत. आच्छादन बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये.

२. दाटी. भिंतीच्या आडोशाला, दाट लावलेल्या झाडांत हवा खेळत नाही व ओल टिकून राहते. टोमॅटोच्या दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन झाडांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. झाडांना काठीचा आधार द्यावा. झाड वाढीस लागल्यावर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने क्रमाक्रमाने काढून टाकावीत. वेली जमिनीवर पसरू न देता मांडवावर चढवाव्यात आणि मांडवावरही एकावर एक चढू देऊ नयेत. चार वेलींच्या जागी दोनच वेली ठेवल्या तर फळ कमी येईल अशी भीती वाटते. परंतु निरोगी दोन वेली रोगट चार वेलींपेक्षा अधिक काळ फळ देतात.

३. हात, कपडे व अवजारे. पाने ओली असताना बागेत काम करू नये, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ काम होते. दव उतरल्यावर, म्हणजे साधारणपणे सकाळी नऊ-दहा वाजल्यानंतर तोडणी करावी. प्रथम निरोगी झाडांची तोडणी करावी व रोगट झाडाकडे सर्वांत शेवटी जावे. रोगट झाड हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कात्री अथवा विळी आधी धुऊन माती काढावी, नंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. भाजीसाठी एक पाटी व रोगट पानांसाठी दुसरे भांडे ठेवावे. रोगट मातीतील खुरपे न धुता दुसऱ्या वाफ्यात घालू नये. मर रोगाची बुरशी मातीच्या ढेकळाबरोबर सहज प्रवास करते.

४. काडीकचरा व जुन्या वेली. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. करपा, मिरचीची फळसड यांसारख्या रोगांच्या बुरशी मेलेल्या पानांवर व फळांवरही तग धरतात व पुढील हंगामात पुन्हा डोके वर काढतात. याउलट भुरी व केवडा यांना जगण्यासाठी जिवंत पान लागते. म्हणून भुरी व केवड्याच्या बाबतीत पडलेल्या पाचोळ्यापेक्षा मांडवावर तशीच ठेवलेली जुनी, अर्धवट वाळलेली वेल अधिक धोक्याची असते. "अजून एखादे फळ येईल" या आशेने ती ठेवली जाते आणि तिच्यावरील रोग शेजारी उगवलेल्या नव्या रोपांना लागतो. जुन्या वेलीचा हंगाम संपला की ती काढून टाकावी व नवी लागवड शक्य तो बागेच्या दुसऱ्या टोकास करावी. आपोआप उगवलेली टोमॅटो, भोपळा, काकडी यांची रोपेही रोगाला एका हंगामातून दुसऱ्या हंगामात नेतात. तीही राखू नयेत.

५. बियाणे व रोपे. घरचे बी धरताना दिसायला मोठे फळ न पाहता निरोगी झाडावरील निरोगी फळ निवडावे. मिरचीवर खोलगट काळे डाग असल्यास तिचे बी धरू नये. फळसडीचा रोग बियांतून जातो. पेरणीपूर्वी बियांना ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळावी. तिचे प्रमाण किलोस पाच ग्रॅम असल्यामुळे परसबागेच्या मूठभर बियांना एक चिमूट पुरते. बी किंचित ओलसर करून चोळावे व सावलीत सुकवून पेरावे. रोपे जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर उंच अशा गादी वाफ्यावर, विरळ व ओळीत तयार करावीत. दाट पेरलेली, फार पाणी दिलेली रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. गावच्या बाजारातून अथवा शेजाऱ्याकडून आणलेली रोपे लावण्यापूर्वी पाने दोन्ही बाजूंनी व मुळे तपासावीत. फुकट मिळालेले रोगट रोप सर्वांत महाग पडते.

६. माती. टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत व त्यांचे कित्येक रोगही सामायिक आहेत. ती पुन्हा पुन्हा एकाच वाफ्यात घेतल्यास माती रोगट होते. लहान बागेतही जागेचे चार भाग करता येतात. एका भागात टोमॅटो-मिरची, दुसऱ्यात घेवडा-वाल, तिसऱ्यात पालेभाज्या व मुळा, चौथ्यात काकडी-भोपळा असे ठेवून दर हंगामास भाग बदलावेत. मर रोगाच्या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकतात; तेथे केवळ एका हंगामाची फेरपालट पुरत नाही. अशा वाफ्याची माती एप्रिल-मे महिन्यांत भुसभुशीत व ओलसर करावी, तीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून कडा मातीने बुजवाव्यात व चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. उन्हाने आतील माती तापून वरच्या थरातील रोगकारक बुरशी बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात.

७. वारा. वाऱ्याची वाट बंद करता येत नाही. परंतु वाऱ्याने जाणारे बीजाणू कोठे तरी तयार व्हावेच लागतात. आपल्या व शेजाऱ्याच्या बागेतील रोगट पाने वेळेवर काढली, तर वाऱ्याला वाहून नेण्यास फारसे काही उरत नाही. म्हणूनच हे काम एकट्या घराने न करता सर्व आळीने मिळून करणे श्रेयस्कर.

रोग ओळखण्याच्या खुणा

केवडा (काकडी, दोडका, कारली): पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी बांधलेले पिवळे, कोनाकृती डाग; सकाळी पानाखाली करडी-जांभळट लव. दमट व पावसाळी हवेत झपाट्याने पसरतो.

भुरी (काकडीवर्गीय वेली, भेंडी, वाटाणा): पानांच्या दोन्ही बाजूंस पिठासारखी पांढरी भुकटी. या बुरशीला पानावर पाणी साचण्याची गरज नसते. त्यामुळे कोरडे दिवस व थंड, दमट रात्री असलेल्या हिवाळ्यात ती बळावते. पाऊस नाही म्हणून रोग येणार नाही, असे भुरीबद्दल समजू नये.

करपा (टोमॅटो): खालच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग व त्यात एकात एक वर्तुळे असल्यास तो लवकर येणारा करपा. पाने पाण्याने उकडल्यासारखी दिसून काळी पडत असतील व खाली पांढरी लव असेल, तर तो उशिरा येणारा करपा होय. हा दुसरा प्रकार थंड व पावसाळी हवेत काही दिवसांत संपूर्ण झाड मारू शकतो. अशा वेळी पाने न निवडता झाडच काढून टाकावे.

तांबेरा (घेवडा): पानाच्या खालच्या बाजूस तांबूस-तपकिरी पुटकुळ्या, बोट फिरविल्यास बोटाला तांबडी पूड लागते.

मर: मातीत ओल असूनही झाड मलूल होते व वाळते, बुंधा उभा चिरल्यास आतील भाग तपकिरी दिसतो. असे झाड मुळासकट व भोवतालच्या मातीसह काढावे.

रोगट पाने काढण्याची रीत

आठवड्यातून दोनदा, पाने कोरडी असताना, सर्व बाग फिरून पाहावी व पाने उलटून तपासावीत. पहिला डाग दिसताच ते पान देठासह कापावे व तेथल्या तेथे पिशवीत अथवा झाकणाच्या भांड्यात टाकावे. पान खाली झटकू नये. एका वेळी झाडाच्या एकतृतीयांशाहून अधिक पाने काढू नयेत. त्याने झाड अशक्त होते. रोग त्याहून अधिक पसरला असेल तर झाडच काढणे हिताचे.

काढलेली पाने उघड्या उकिरड्यावर टाकू नयेत. खताच्या ढिगात मध्यभागी ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता निर्माण झाली तर पुष्कळ बुरशी मरतात. परंतु घरगुती ढीग लहान असल्यामुळे तो सहसा इतका तापत नाही. म्हणून रोगट पाने बागेपासून दूर, दीड-दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी.

औषध केव्हा व कसे वापरावे?

वरील सर्व उपाय करूनही रोग वाढत असेल आणि झाड वाचविणे आवश्यक असेल, तरच औषधाचा विचार करावा. भुरीवर आरंभी दुधाचे पाणी फवारून पाहण्यास हरकत नाही. एक भाग गाईचे दूध व नऊ भाग पाणी या प्रमाणात आठवड्याच्या अंतराने फवारणी केल्यास काकडीवर्गीय पिकावरील भुरी आटोक्यात राहते, असे ब्राझीलमधील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले आहे. ही फवारणी रोगाच्या सुरुवातीसच उपयोगी पडते. त्याने भागत नसल्यास पाण्यात मिसळणारे गंधक दहा लिटर पाण्यास २० ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र कडक उन्हात गंधक फवारल्यास वेलीची पाने भाजतात.

करप्यासाठी बोर्डो मिश्रण हे जुने व खात्रीचे औषध आहे. फ्रान्समधील बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद व चुना यांचे मिश्रण शिंपडीत असत. त्या वेलींवर केवडा कमी येतो हे तेथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्यांनी हे औषध जगापुढे मांडले. यातून एक बोध घ्यावयाचा आहे. हे औषध पानावर पडणारा बीजाणू रुजू देत नाही. पानात शिरलेल्या रोगाला ते बरे करीत नाही. म्हणून रोग पसरून गेल्यावर फवारलेले बोर्डो मिश्रण फुकट जाते.

दहा लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम ताजा कळीचा चुना घ्यावा. मातीच्या अथवा प्लॅस्टिकच्या एका भांड्यात पाच लिटर पाण्यात मोरचूद विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात चुना थोड्या पाण्याने फोडून, गार झाल्यावर पाच लिटर पाणी पूर्ण करून गाळून घ्यावे. चुना फुटताना उडतो, म्हणून डोळे जपावेत व मुलांस दूर ठेवावे. नंतर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत काठीने ढवळावे. लोखंडी वा अन्य धातूचे भांडे वापरू नये. मिश्रणात घासून लखलखीत केलेले लोखंडी चाकूचे पाते थोडा वेळ बुडवावे. त्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुन्याचे पाणी घालावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळ्या झाडांसाठी दोन्ही पदार्थ निम्मे घ्यावेत. काकडीवर्गीय वेलींना तांबे सहसा मानवत नाही; त्यांवर ते फवारू नये. पालेभाज्यांवर मुळीच फवारू नये.

फवारणीपूर्वी तयार फळे तोडून घ्यावीत. त्यानंतर निदान एक आठवडा त्या झाडाचे फळ खाऊ नये व पुढेही ते चांगले धुऊनच वापरावे. विकतचे औषध आणल्यास वेष्टनावर ज्या पिकाचे नाव आहे त्याच पिकावर ते वापरावे व तेथे लिहिलेले थांबण्याचे दिवस काटेकोरपणे पाळावेत. वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवितो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. लाल अथवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध घराच्या परसात आणूच नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

परसबाग बहुधा घरातील स्त्री सांभाळते. तेव्हा सल्ला तिला द्यावा, तिच्याच बागेत द्यावा व तिचे रोजचे काम पाहून द्यावा. रोगाचे नाव सांगण्याआधी पाणी कसे घातले जाते, तोडणी केव्हा होते, रोगट पाने कोठे टाकली जातात व बी कोठून आणले, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरांत बहुधा निम्मा उपाय सापडतो. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना आपले हात धुवावेत, चपलांची माती काढावी आणि दवाच्या वेळी पाने हाताळू नयेत. रोगट पानाचा नमुना इतरांस दाखवावयाचा असल्यास तो बंद पिशवीत न्यावा.

वर उल्लेखिलेल्या वृद्ध बाईंना मी दुसऱ्या खेपेस औषध सुचविले नाही. आम्ही दोघांनी मिळून काकडीची जुनी वेल दुपारच्या उन्हात काढली व पुरली, दोडक्याची डाग पडलेली पाने कापली आणि पाणी आळ्यात घालावयाचे ठरविले. रोग पूर्ण गेला नाही. परंतु तो वाढावयाचा थांबला आणि दोडका दसरा होऊन गेल्यावरही फळ देत राहिला. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मांडवाखाली मिळाले. परसातील भाजीला औषधाची वेळच येऊ नये, अशी बाग राखणे हेच ते उत्तर होय.

ध्यानात ठेवण्याचे मुद्दे

१. पाणी सकाळी व बुंध्याशी घालावे; पाने कोरडी राखावीत.

२. ओल्या पानांत काम करू नये. निरोगी झाडे आधी व रोगट झाडे शेवटी हाताळावीत.

३. पहिला डाग दिसताच पान कापून खोल पुरावे.

४. हंगाम संपलेली वेल मांडवावर ठेवू नये.

५. बी निरोगी फळाचे धरावे व पिकाची जागा दर हंगामास बदलावी.

६. औषध शेवटी, रोग ओळखून व थांबण्याचे दिवस पाळूनच वापरावे.